म्हैस एका दिवसात आटवत नाहीत

वाचकाचं पत्र:

"ताई, मी ३१ वर्षांचा आहे. तुमच्या मुलाच्या वयाचा असेन, तेव्हा 'तू' म्हटलंत तरी चालेल. हिंजवडीत आयटीत नोकरी करतो. गाव कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यात. घरी आई, आबा आणि चार म्हशी. आबा ६४ वर्षांचे. मला कळायला लागल्यापासून ते पहाटे चारला उठतात. शेण, वैरण, धारा, सहाच्या ठोक्याला गावच्या दूध संस्थेत दूध, मग रान, दुपारी वैरण कापायची, संध्याकाळी परत धारा. २०१९च्या पुरात म्हशी गावातल्या शाळेच्या आवारात नेऊन बांधल्या होत्या, तिथंही त्यांची वेळ चुकली नाही. माझं इंजिनिअरिंग याच दुधावर झालं.

आता त्यांचे गुडघे गेलेत. पावसाळ्यात गोठ्यात घसरून पडले, मनगट सुजलं, तरी दुसऱ्या दिवशी एका हातानं धार काढली. मी दरमहा पैसे पाठवतो, ते त्यांनी माझ्याच नावावर ठेव करून ठेवलेत. दिवाळीत एका संध्याकाळी म्हटलं, म्हशी विका आणि पुण्याला चला. ते म्हणाले, 'जमतंय तवर करतो.' माझा तोल गेला. 'तुमच्या कष्टांचं मला ओझं वाटतंय, लोक मला नावं ठेवतात,' असं ओरडलो. ते काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. तेव्हापासून माझा फोन आईच उचलते.

आणखी एक. त्यांच्या शिस्तीतलं माझ्यात काहीच उतरलेलं नाही. महिन्यातून आठवडाभर रात्रीची सपोर्टची पाळी असते तेवढी कधी चुकवली नाही, बाकी मी साडेआठला उठणारा माणूस. अशा बापाचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटते. त्यांना थांबवू कसं?"

उत्तर:

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी गडहिंग्लज भागातली, गोठ्याच्या वासात वाढलेली. त्यामुळे तू जे लिहिलंस ते दिसलंच, आणि जे लिहायचं राहिलं तेही थोडंफार दिसलं.

आधी दिवाळीच्या संध्याकाळबद्दल बोलू. तू ओरडलास आणि आबा उठून गोठ्यात गेले. तुला वाटलं, ते तुला टाळून गेले. पण ती धारेची वेळ होती ना? आता त्यांच्या जागी बसून बघ. म्हैस अशी उभी केली आणि दूध काढलं, असं होत नाही. रेडकू सोडायचं, त्याला दोन घोट पिऊ द्यायचे, मग बाजूला घ्यायचं. कोमट पाण्यानं कास धुवायची, हातानं चोळायची. मिनिट-दोन मिनिटांनी ती पान्हा सोडते. हा पान्हा टिकतो पाच-सात मिनिटं, तेवढ्यात धार संपवावी लागते. मधे ती घाबरली, बिचकली, शेजारी कुणी आरडाओरडा केला, काढणाऱ्याचा हात रागानं ताठ झाला, की पान्हा चोरते. पशुवैद्य सांगतील की भीतीनं शरीरात एक स्राव सुटतो आणि तो दूध उतरवणाऱ्या स्रावाला अडवतो. आबांना त्याचं नाव माहीत नसेल, पण राग घेऊन कासेला हात लावता येत नाही हे त्यांना चाळीस-पन्नास वर्षं माहीत आहे.

म्हणजे पोटच्या पोराचं ते बोलणं ऐकून दहा मिनिटांच्या आत त्यांनी स्वतःला शांत केलं असणार. चार म्हशींपुरतं तरी नक्कीच. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा केलं असणार. तू त्यांच्या कष्टांबद्दल लिहिताना गुडघे लिहिलेस, मनगट लिहिलंस. हे लिहिलं नाहीस, कारण ते दिसत नाही. मला विचारशील तर त्यांच्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि ते दिवसातून दोनदा.

आता 'म्हशी विका' या मुद्द्यावर येते. इथं मला माझ्या घरचं सांगावं लागेल.

पंचवीस वर्षं झाली. माझे वडील, अण्णा, तेव्हा पासष्टीचे. दारात तीन म्हशी. कंबर धरायची, दम लागायचा. आम्हा भावंडांचं एकमत झालं की आता पुरे. मीही त्या बाजूनं बोलले, आणि मोठ्यानं बोलले. एका बाजाराच्या दिवशी तिन्ही म्हशी टेम्पोत चढल्या. आमच्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत, घेणारा स्वतःचं दावं आणतो. अण्णांनी तिन्ही दावी सोडून हातात घेतली, सोप्यातल्या खुंटीला अडकवली आणि चहा मागितला. आम्हाला वाटलं, सुटले बिचारे.

पुढच्या महिन्यात आईचा फोन आला. म्हणाली, 'ह्यांना आज कुठली तारीख तेच कळंना झालंय.' आम्ही घाबरलो, डॉक्टरांना दाखवलं. डोकं शाबूत होतं. झालं होतं ते असं की अण्णांच्या आयुष्यात तारीख म्हणून काही नव्हतंच, बिल होतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. दुधाचं बिल निघालं की दहा दिवस झाले. त्यावर किराणा, त्यावर दुकानाची उधारी, त्यावर कुणाच्या लग्नाचा आहेर. ते बिल गेलं आणि त्यांचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. 'आज बिल हाय काय?' असं ते आईला विचारायचे, आणि मग आपणच गप्प व्हायचे. चार वर्षांनी गेले. त्यामुळेच गेले असं मी म्हणणार नाही, बिडी होती, दमा होता. पण ती शेवटची चार वर्षं त्यांना काहीच कुणाला द्यायचं नव्हतं, आणि ते आम्ही घडवून आणलं होतं. तेही प्रेमापोटी.

म्हणून तुला सांगते, एका झटक्यात विकू नकोस. आबांना विचार, गाभण म्हैस ते कशी आटवतात, म्हणजे तिचं दूध कसं बंद करतात. विण्याच्या दोन महिने आधीपासून सुरू करतात. आधी पेंड कमी करायची, मग एका वेळची धार सोडायची, मग दिवसाआड काढायची, मग बंद. एकदम सोडली तर कास तुंबते, दगडी होऊ शकते, थानही जाऊ शकतं. ज्या माणसानं आयुष्यभर जनावराला इतक्या सबुरीनं थांबवलं, त्याला तू दिवाळीच्या चार दिवसांत थांबवायला निघालास.

पण तू अगदीच चुकलास असंही मी म्हणणार नाही. 'कष्ट म्हणजे पूजा' म्हणून गुडघे झिजू द्यायचे, हे मला अजिबात मान्य नाही. चार म्हशींचा हिशोब मांडून बघ. एका म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओली वैरण लागते, वर पाच-सहा किलो वाळली. म्हणजे रोज क्विंटलभर ओला चारा कापायचा, बांधायचा, डोक्यावर नाहीतर गाडीवर आणायचा, बारीक करून गव्हाणीत टाकायचा. पाणी वेगळं. शेण वेगळं. आणि धारेला उकिडवं बसायचं, दोन्ही वेळचं धरून दोन तास तरी. ६४ वर्षांच्या गुडघ्यांना हे सोसणार नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. कमी करायलाच हवं. फक्त कुठलं कमी करायचं, हे पुण्यात बसून कळणार नाही.

तेव्हा रजा काढ. दोन दिवसांची नको, दहा दिवसांची. एका बिलाची. एक तारखेला गोठ्यात हजर राहा आणि दहा तारखेपर्यंत आबांबरोबर चारला ऊठ. सुटीवर आलेल्या मुलासारखं नको, हाताखालच्या गड्यासारखं राहा. धार तुला जमणार नाही, पहिले काही दिवस म्हैस तुला जवळही येऊ देणार नाही. शेण काढ, वैरण आण, कॅन उचल. त्यांना काही शिकवू नकोस. यूट्यूबवर बघितलेला गोठा पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडासमोर धरू नकोस. बघ आणि विचार.

विचारायला खूप आहे. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, आलं की त्यावर चुन्याची निवळी का शिंपडतात, हे विचार. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातला चुना बांधून टाकतं. कोणती म्हैस कधी गाभण राहिली, कधी विणार, हे विचार. म्हैस दहा महिने आणि वर काही दिवस पोटात वागवते, आणि आबांकडे त्याचा हिशोब बोटांवर असेल. संस्थेत जा त्यांच्याबरोबर. दुधाला फॅट, म्हणजे स्निग्धांश, किती लागली ते बघताना त्यांचा चेहरा बघ. तुझ्या मार्कलिस्टकडे बघताना होता तोच असेल.

आणि पुराचं विचार. तू लिहिलंस, शाळेच्या आवारातही त्यांची वेळ चुकली नाही. पण २०१९च्या त्या दिवसांत रस्ते पाण्याखाली होते. गावोगावचं दूध संघापर्यंत पोचतच नव्हतं. संस्था घेत नसेल तर ते दूध कुणासाठी काढलं? बिल निघणार नव्हतं, तरी काढलं, कारण न काढता म्हशीला वेदना झाल्या असत्या. रोज दोन वेळा, चार म्हशींचं दूध. ते कुठं गेलं, कुणाला दिलं, ओतून द्यावं लागलं का, हे तुला ठाऊक आहे? तुझ्या पत्रात ते नाही. मला ते जाणून घ्यावंसं वाटतं, आणि तू त्यांचा मुलगा आहेस.

दहा दिवसांनंतर बोलणीला बस. तोवर 'विका' हा शब्द तोंडातून काढू नकोस. माझा अंदाज सांगते, तू तुझ्या डोळ्यांनी तपासून घे. गोठ्याच्या दिवसात दोन प्रकारची कामं असतात. एक, ज्यात जनावराची ओळख लागते: धार, खुराक, माज ओळखणं, आजार ओळखणं, विताना जवळ असणं. दुसरी, ज्यात नुसती कंबर लागते: शेण, पाणी, वैरण कापणं आणि वाहणं. माणूस जगतो पहिल्यावर आणि मोडतो दुसऱ्यावर. आबांकडून पहिलं काढून घेऊ नकोस, दुसरं काढ. वैरणीला माणूस लाव. कडबाकुट्टीचं यंत्र नसेल तर घे, पण त्यात हात जाणार नाही असं झाकण असलेलंच घे, त्या यंत्रानं गावागावात बोटं घेतली आहेत. ते घसरले त्या जागी रबरी मॅट टाक. गव्हाणीपर्यंत पाण्याचा पाइप ओढ. जागा असेल तर जनावरं मोकळी सोडायचा मुक्त गोठा करता येतो, त्यात रोजचं शेण उचलणं पुष्कळ कमी होतं. धारेला बसायला बुटकं स्टूल दे. धार काढायचं छोटं मशीनही मिळतं, पण ते शेवटी, आणि आबांनी स्वतः म्हटलं तर.

म्हशी चारच्या दोन कशा करायच्या, तेही त्यांनाच ठरवू दे. भाकड झालेली वेताला गेली नाही, तिच्या जागी नवी आणली नाही, असं करत वर्ष-दीड वर्षात दोन आपोआप कमी होतात. तेव्हा दावी त्यांच्या हातानं सुटतील.

पैशाबद्दल. तू पाठवलेले पैसे त्यांनी ठेवीत टाकले, याचा तुला राग आला असं पत्रावरून वाटतं. तुझ्या वडिलांना ऊस वर्ष-दीड वर्षानं पैसे देतो आणि म्हैस दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांच्या पैशानं त्यांना कुणापुढे हात पसरू दिला नाही. तू पाठवतोस ते 'काम सोडा' म्हणून पाठवतोस, मग ते घेतील कसे? तेच पैसे 'वैरणीच्या गड्याचा पगार' म्हणून दे, 'मॅटचे पैसे' म्हणून दे. घेतील. नाही घेतले तर आपल्या हातानं वस्तू आणून टाक.

गुडघ्यांबद्दल घाई कर. यात सबुरी नको. हाडांच्या डॉक्टरांकडे ने, एक्स-रे काढ. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या ते रोज खात असतील तर ते आधी विचार. अशा गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतं. आपल्याकडे कष्टाची माणसं धारेआधी एक गोळी टाकून बसतात आणि घरात कुणाला सांगत नाहीत.

आणि आता ज्याबद्दल तू एकही वाक्य लिहिलं नाहीस ते. तुझी आई. तुझ्या पत्रात आई दोनदा आली, एकदा 'घरी आई' म्हणून आणि एकदा फोन उचलायला. आबा सहाला दूध घेऊन संस्थेत जातात, तेव्हा गोठ्यात कोण असतं? भांडी कोण घासतं, शेणी कोण लावतं, रेडकाला कोण बघतं, आबा रानात असताना पाणी कोण दाखवतं? आणि हे सगळं करून भाकरी कोण थापतं? मनगट सुजलं तेव्हा चारही म्हशींच्या धारा खरंच आबांनी एका हातानं काढल्या का? मला शंका आहे. त्या दहा दिवसांत एक दिवस आईच्या मागं फिर, ती उठल्यापासून आडवी होईपर्यंत. संस्थेच्या पासबुकावर कुणाचं नाव आहे तेही बघ. एकट्या आबांचं असेल तर दोन म्हशींचं दूध आईच्या नावावर घालायची सोय होते का, ते सचिवांना विचार. बोलणीला बसाल तेव्हा ती चहा घेऊन येणार आणि आत जाणार, असं होऊ देऊ नकोस. तिला काय सोडायचंय आणि काय ठेवायचंय, ते तिला विचार. आबांपेक्षा तिचं उत्तर वेगळं असू शकतं.

राहिलं तुझ्या लाजेचं. साडेआठला उठणाऱ्या माणसाला लाज वाटायचं कारण नाही, तुझ्या कामाची वेळच ती आहे. पण तू एक वाक्य जाता जाता लिहून गेलास: रात्रीची सपोर्टची पाळी कधी चुकवली नाही. आठवडाभर, रात्री दोनला, कुठल्या तरी अनोळखी माणसाचं काम अडलं म्हणून तू उठतोस आणि ते मार्गी लावूनच झोपतोस. तुझ्याबरोबरचे सगळेच असं करतात का? हे तू कुठल्या पुस्तकात वाचलं होतंस का? लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या गोठ्यातला तो आवाज तू ऐकला असशील, रिकाम्या भांड्यात पहिली धार पडते तो, आणि मग भांडं भरत जाईल तसा जाड होत जाणारा. ज्या घरात रोज पहाटे हा आवाज येतो, तिथल्या पोराला कुणी काही शिकवावं लागत नाही. आबांना तुझं काम काय असतं ते कधी सांगितलंयस का? रात्री दोनला उठतोस हे? मला वाटतं त्यांना माहीतच नसेल. सांग. त्यांना ते चटकन कळेल.

माफी मागायचीच, पण फोनवर नको. फोनवर एवढंच बोल: रात्री साडेआठनंतर कर, जेवणं झाल्यावर, आणि आईला म्हण, आबांना दे. ते आले की गुडघ्याचं काढू नकोस. म्हण, 'आबा, एक तारखेला येतोय, दहा दिवस. गोठ्यात काम द्या.' पलीकडे थोडा वेळ शांतता असेल. ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस. बहुतेक विचारतील, 'रजा मिळती व्हय एवढी?' त्यावर फक्त हो म्हण.

जाताना स्वतःच्या मापाचे गमबूट घेऊन जा. आणि परफ्युम, अत्तर, आफ्टरशेव्ह काही लावू नकोस. म्हशीला माणूस वासावरून कळतो. अण्णा आजारी पडले की आई त्यांचा सदरा लुगड्यावरून चढवून धारेला बसायची, मगच म्हैस पान्हा सोडायची. तेव्हा पहिल्या पहाटे गोठ्यात शिरण्याआधी आबांकडे त्यांचा एक जुना, न धुतलेला शर्ट माग. कशाला हवा ते त्यांना सांगावं लागणार नाही. बाह्या तुला आखूड होतील, दुमडून घे.